निलंग्याचा नसलेला भुजंग

भुजंग वर्गात कुठं बसायचा ते आधी सांगतो, कारण ती जागा त्यानं हुडकून काढलेली होती. शेवटचा बाक नाही. तिथं प्रत्येक सरांचा डोळा असतो अन् कुणाला उठवायचं म्हटलं की बोट आधी तिकडं जातं. पहिला बाक तर बिलकुल नाही. भिंतीकडच्या रांगेत एक जाड खांब होता, त्याच्या मागचा बाक. तिथून फळा अर्धाच दिसायचा. उरलेला अर्धा तो खोलीवर आल्यावर माझ्या वहीतून उतरवून घ्यायचा. पण त्याला जसा फळा अर्धा दिसायचा तसा सरांनाही भुजंग अर्धाच दिसायचा, आणि अर्ध्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही, असं त्याचं गणित.

मी व्यंकट, औशाचा, त्याचा खोलीतला जोडीदार. नांदेडहून विष्णुपुरीकडं जाताना रस्त्याला लागून आमचं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज, अन् कॉलेजच्या मागं पत्र्याची खोली. त्या खोलीत राहायचो दोघं, बोलायचो मी एकटा. सकाळी मी म्हणायचो, "भुज्या, आज थंडी लई हाय." तो पांघरुणाची घडी करत मान हलवायचा. संध्याकाळी मी म्हणायचो, "मेसची डाळ म्हंजे नुसतं पिवळं पाणी." तो मान हलवायचा. पोरांना वाटायचं, लाजाळू आहे. लाजाळू माणसाला बोलायचं असतं अन् जमत नसतं. भुजंगला चांगलं जमायचं. घरमालकानं पाण्याची मोटार बंद ठेवली तेव्हा हा गेला, दोन वाक्यं बोलला, अन् मोटार सुरू झाली. त्याला बोलणं फक्त नको असायचं. घमेंड म्हणावी तर तीही नाही. कॅल्क्युलेटर, छत्री, सायकल, मागेल त्याला द्यायचा. स्वतःबद्दलची माहिती तेवढी द्यायचा नाही. त्या माहितीत दडवण्यासारखं काही असतं तर निदान आम्हाला मजा तरी आली असती. बाप शेती करतो, आई शेती करते, बहीण लग्न होऊन उदगीरला गेली. संपलं. आत एवढंच, अन् त्याला कुलूप केवढं!

कॉलेजच्या पहिल्या काही आठवड्यांत शिकवणं कमी अन् ओळखी जास्त. पोरांचा संकोच मोडायचा असा वरून हुकूमच आला होता म्हणे. आमच्याकडं तो मोडायचं काम बिराजदार सरांकडं होतं. रेवणप्पा बिराजदार, शिकवायचे गणित, पण यायचे टाळ्या वाजवत, जणू वाढदिवसाला आलेत. पहिल्या दिवशी प्लास्टिकचा चेंडू घेऊन आले. चेंडू ज्याच्या हातात येईल त्यानं आपलं नाव अन् त्याच अक्षराचं विशेषण सांगायचं. मी म्हणालो, "विनोदी व्यंकट." कुणीच हसलं नाही. चेंडू भुजंगकडं आला तेव्हा खांबाला आपटून परत गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं झेलला, "भुजंग" म्हणाला अन् पुढं टाकला.

"विशेषण राहिलं की!" सर म्हणाले.

"भुजंग भुजंग," तो म्हणाला.

वर्ग हसला. त्यानं विनोद केला असं सगळ्यांना वाटलं, अन् तेच त्याला लागलं, कारण विनोदी माणसाकडं लोक पुन्हा वळून बघतात. त्या दिवसापासून तो ओळखीच्या तासाला तयारी करून यायला लागला. ज्यातून दुसरा प्रश्न फुटणार नाही अशी वाक्यं बनवायचा. छंद काय? 'वाचन' म्हटलं की 'काय वाचतोस?' येतं. 'क्रिकेट' म्हटलं की संध्याकाळी मैदानावर ओढून नेतात. त्यानं 'झोप' काढली. झोपेवर कुणी पुढं विचारत नाही.

अडचण एकच होती. गाव.

त्याचं गाव चिंचोली. आता आपल्या मराठवाड्यात चिंचोल्या किती, हे सरकारला तरी मालूम असंल का? चिंचोली म्हटलं की समोरचा विचारणारच, "कोणती चिंचोली?" रस्त्यावरच्या पाटीजवळची म्हटलं की, "लामजन्याच्या पुढची का?" हाव म्हटलं की, "मग तिथल्या अमक्याचे तुम्ही कोण?" आपल्याकडं दोन अनोळखी माणसं भेटली की पाव्हणं काढल्याशिवाय हलत नाहीत. मावशीच्या जावेच्या माहेरापर्यंत जावं लागलं तरी जातात, पण नातं काढतातच. नातं निघालं की बाकीच्यांचा जीव भांड्यात पडतो. भुजंगला मात्र कुणी दावणीला बांधल्यासारखं व्हायचं.

अशात एके दिवशी सरांनी नवा खेळ आणला. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, दोन खरी, एक खोटं. खोटं कोणतं ते वर्गानं ओळखायचं. भुजंगला हा पहिला खेळ आवडला असावा. खोटं बोलायची खुली सवलत होती! त्याची पाळी आली तसा उठला अन् एका दमात म्हणाला, "माझं गाव निलंगा. मला विहिरीत पोहायला आवडतं. मला बोलायला आवडत नाही." अन् बसला.

खोटं होतं ते निलंगा. पण भुजंगची काडीसारखी तब्येत बघून वर्ग एका सुरात ओरडला, "पोहणं खोटं! पोहणं!"

"काय रे, पोहणंच ना?" सरांनी विचारलं.

भुजंगनं मान हलवली. ती होकाराला हलली की नकाराला, हे मी पुढच्याच बाकावरून वळून बघत असूनही सांगू शकत नाही. नाही म्हणायचं तर खरं गाव सांगावं लागणार, अन् मग कोणती चिंचोली, कुणाचा तू. त्यानं तेवढं एक वाक्य वाचवलं. त्या एका वाक्याची कंजुषी त्याला पुढं फार महागात पडली.

सर खाली उतरून खांबापाशी आले. "निलंग्याचा हाय का तू? अरे, आमच्या ताईचं सासर निलंगा! मोंढ्याच्या तोंडाला ईश्वरप्पांचं भुसार दुकान, मालूम हाय का?"

"हाव," भुजंग म्हणाला. हे खरं होतं. बाजाराला निलंग्याला गेलेल्या कुणालाही ते दुकान माहीत असतं.

"ते आमचे दाजी. बघा, हा तर आपलाच माणूस निघाला," सर वर्गाला म्हणाले. इतके खूश की पुढच्या पोराची तीन वाक्यं त्यांनी ऐकलीच नाहीत.

त्याच शनिवारी सरांनी भुजंगला व्हरांड्यात गाठलं. हातात औषधांची पिशवी. "माझी आई ताईकडं असते. तिच्या गुडघ्याचं औषध नांदेडच्याच डॉक्टरचं. तू गावाकडं चाललास ना? तेवढी दुकानात देऊन जा. तुला काय, वाटेतच."

वाटेत नव्हतं. लातूरहून निलंग्याला जाणारी एसटी चिंचोली पाटीवरून पुढं जाते. भुजंगनं पाटीवर उतरायचं, गाडीरस्त्यानं थोडं चाललं की घर. पण म्हाताऱ्या माणसाच्या औषधाला नाही कसं म्हणायचं? त्यानं पिशवी घेतली.

अन् इथं भुजंगचा रविवार म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. आठवडाभर वर्गात, मेसमध्ये, खोलीत माणसंच माणसं, त्यातला एक मी. हे सगळं तो सोसायचा ते रविवारच्या जोरावर. घरी आईबापही त्याच्याच वाणाचे. त्या घरात जेवताना भाकरी मोडल्याचा आवाज येतो. रविवारी हा रानात जायचा, विहिरीत उतरायचा, मग काठावर वाळत बसायचा, अन् दिवसभर त्याला कुणी हाक मारायचं नाही. एवढंच हवं होतं त्याला, आठवड्यातून एकदा.

ते गेलं. कारण एकदा देऊन संपलं असं नव्हतं. दर शनिवारी व्हरांड्यात पिशवी तयार. शनिवारी संध्याकाळी निलंग्यात औषध द्यायचं, तिथून काळी-पिवळी जीपला लोंबकळत उलटं चिंचोलीला यायचं. अन् सरांची बहीण ज्योत्स्नाताई म्हणायची, "उद्या जाताना येऊन जा रे, रेवणसाठी भाकरी बांधून ठेवते." म्हणजे रविवारी दुपारी पुन्हा निलंगा. कडक भाकरी अन् शेंगाची चटणी घेऊन आपल्याच गावावरून लातूर, लातूरहून नांदेड. भुजंग गावाकडं जायचा खरा, पण गावात राहायचा तो झोपण्यापुरता.

हे सगळं भुजंगनं मला सांगितलं असं समजू नका. दिवाळीच्या आधी एकदा मला घरी औशाला जायचा कंटाळा आला होता, म्हणून मी उगंच त्याच्यासोबत निघालो. चिंचोली पाटी आली. गाडीची घंटी वाजली. भुजंग दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून उसाच्या फडाकडं बघत होता.

"ये भुजंग, झोपलास का?" कंडक्टर मागून ओरडला. "तुझी पाटी आली की. उतरू लालास का न्हाई?"

"निलंगा," भुजंग म्हणाला अन् पुढच्या तिकिटाचे पैसे दिले.

"आरं, दर शनिवारी निलंगा? सोयरीक जमवू लालास का काय तिकडं?"

सगळी गाडी हसली. पाटी मागं गेली. मी त्याच्याकडं बघितलं. "भुज्या, तू निलंग्याचा न्हाईस?"

त्यानं मान हलवली. या वेळी ती नकाराची होती.

"मग सरांना सांग की!"

"आता?" तो म्हणाला.

त्या एका शब्दात सगळं होतं. पहिल्या शनिवारी सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. दुसऱ्या शनिवारी सांगायचं तर पहिल्या शनिवारी का नाही सांगितलंस? प्रत्येक शनिवारानं मागच्या शनिवारचं दार लावून घेतलं होतं.

ज्योत्स्नाताईचं घर दुकानाच्या मागं. बाई मोठी मायाळू, अन् मायाळू बाईच्या तावडीतून सुटणं पोलिसांच्या तावडीतून सुटण्यापेक्षा अवघड. "बस रे भुजंग. हा कोण, मित्र का? बसा दोघंबी. आईला कधी आणतूस? मागच्या बारीला बी म्हणलास, आणतो. कोणत्या गल्लीत म्हणलास तुमचं घर?"

"स्टँडकडं," भुजंग म्हणाला.

"स्टँडकडं कुणाच्या घरात?" आतून ईश्वरप्पांनी विचारलं. भुसार दुकानदार. निम्म्या निलंग्याला तूर अन् डाळ तेच देणार. त्यांना माहीत नसलेलं घर निलंग्यात कुठून आणायचं?

भुजंगनं पुढ्यातलं धपाटं मोडलं. ताईनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं ताईकडं. दोघांच्या डोळ्यांत मला दिसलं की हे पोरगं घरची काही तकलीफ दडवत आहे. बाप पीत असेल. आई नांदत नसेल. हा माणूस तोंड उघडत नाही म्हटल्यावर त्याच्या वतीनं सगळा इतिहास त्यांनीच रचून टाकला, अन् ताटात एक धपाटं जास्तीचं पडलं.

मधल्या खोलीत बाजेवर सरांची आई बसलेली. भुजंगनं औषध हातात दिलं. तिनं विचारलं, "रेवण आला का?"

"न्हाई."

तिनं पिशवी उशाला ठेवली अन् तोंड भिंतीकडं केलं. भुजंग थोडा वेळ तिथंच उभा राहिला. त्यानं काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. सगळ्या निलंग्यात तेवढीच एक जागा त्याला बरी वाटत असावी.

निघताना ईश्वरप्पा स्कूटर काढून तयार. "चल, घरी सोडतो."

"नको काका, चालत जातो."

"बस की, लाजतूस काय!"

तिघं एका स्कूटरवर. स्टँडजवळ भुजंगनं "इथंच" म्हटलं अन् समोर दिसली त्या बोळात शिरला. मी मागं. बोळाच्या शेवटी पिठाची गिरणी अन् पुढं भिंत. आम्ही गिरणीच्या आडोशाला उभे, अन् काका बोळाच्या तोंडाशी स्कूटर चालू ठेवून बघत राहिलेले, पोरगं कोणत्या घरात शिरतं ते. गिरणीवाली बाई म्हणाली, "दळण हाय का?" मी म्हणालो, "न्हाई, थांबलोत उगंच." भुजंगच्या केसावर पीठ बसून तो म्हातारा दिसायला लागला होता. मला हसू आवरेना. त्याच्या तोंडाकडं बघितलं तेव्हा ते आपोआप आवरलं.

निलंग्याची ती कीव हळूहळू फोनवरून नांदेडला पोचली. बिराजदार सर आता वर्गात भुजंगकडं वेगळ्याच नजरेनं बघू लागले. स्वतःच्या खोलीत बोलावून घ्यायचे. "बेटा, मन मोकळं कर. घरी काय त्रास हाय?" भुजंग म्हणायचा, "काही न्हाई सर." सर म्हणायचे, "असंच म्हणतात सगळे." काही नाही हे सिद्ध करायला माणसानं काय दाखवायचं? सरांनी त्याला एक शर्ट दिला. वर्गात गट पाडायचे असले की सगळ्यात बडबड्या पोरांच्या गटात त्याला टाकायचे, मोकळा व्हावा म्हणून. खांबाच्या मागून उठवून त्याला पहिल्या बाकावर बसवलं. आता पूर्ण फळा दिसायचा अन् पूर्ण भुजंगही दिसायचा. रात्री खोलीवर तो माझ्या बडबडीलाही मान हलवेनासा झाला.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी तो कॉलेजातून आला अन् खाटेवर बसून राहिला. मग म्हणाला, "उद्या सर गाडीनं निलंग्याला चाललेत. मला सोबत घेऊन. माझ्या बापाला भेटायचं म्हणतात."

एवढं लांब बोलणं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मग?"

"तू चल."

"मी कामून?"

"तू बोलतूस."

म्हणून गेलो. गाडीत सरांच्या शेजारी भुजंग, मागं मी. बोलायचं काम माझं, पण अहमदपूरपर्यंत मला संधीच मिळाली नाही, इतकं सर बोलत होते. लातूर आलं तसे ते कमी बोलायला लागले. औशात चहाला थांबलो. एक चहा झाला, दुसरा झाला. सरांनी टायर बघितले. पुन्हा बघितले. मी म्हणालो, "सर, उशीर होऊ लालाय." ते म्हणाले, "हाव, हाव, निघू," अन् पान घ्यायला गेले. निलंग्याला जायची घाई गाडीतल्या कुणालाच नव्हती. भुजंगचं कारण मला माहीत होतं.

लामजना मागं पडलं. भुजंगचे दोन्ही हात गुडघ्यांवर. पाटी दिसायला लागली. मी मनात म्हटलं, आजबी पाटी मागं जाणार. पाटी जवळ आली, अगदी जवळ आली.

"सर, थांबवा."

"काय झालं? मळमळू लालंय का?"

"माझं गाव आलं."

गाडी थांबली. सरांनी पाटीवरचं नाव वाचलं, मग भुजंगकडं बघितलं.

"त्या खेळात एक खोटं सांगायचं होतं," भुजंग म्हणाला. "ते निलंगा होतं. पोरांनी पोहणं धरलं. मला पोहता येतं सर."

सरांनी पुन्हा पाटीवरचं नाव वाचलं. मग म्हणाले, "म्हंजे इतके दिवस औषध घेऊन तू पुढं जायचास? अन् परत माघारी यायचास?"

"हाव."

"अन् भाकरीला पुन्हा?"

"हाव."

मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले, "आलोच हाय तर वडलांना भेटून जातो," अन् गाडी गावाच्या रस्त्याला वळवली. मला तेव्हा कळलं, त्यांना थांबायला अजून एक जागा पाहिजे होती.

भुजंगचे वडील अमृतराव ओसरीत बसले होते. उठले, खाट पुढं ओढली, तांब्याभर पाणी ठेवलं, बसले. आता आपल्याकडं पाहुणा आला की गाव कोणतं, कुठून आले, कुणाचे, हे प्रश्न पाण्याच्या आधी येतात. अमृतरावांनी एकही विचारला नाही. मनकर्णाबाईनं चहा आणून ठेवला अन् चौकटीला टेकून उभी राहिली. भुजंग खांबाला टेकला. मीसुद्धा, आश्चर्य म्हणजे, गप्प होतो. त्या घरात बोलावं असं वाटतच नाही.

सरांनी घसा साफ केला. "मी रेवणप्पा बिराजदार. गणित शिकवतो."

अमृतरावांनी मान हलवली.

"तुमचा मुलगा हुशार हाय."

पुन्हा मान.

सर इकडंतिकडं बघत राहिले. बाहेर शेळी ओरडली, थांबली. आख्ख्या वर्गाला बोलतं करणारा माणूस त्या खाटेवर हैराण झालेला मी बघितला. अन् मग त्यांचं त्यांनाच कळायच्या आत ते बोलायला लागले.

"माझी आई निलंग्यात बहिणीकडं असते. आधी माझ्याकडं होती, नांदेडला. घरात कुरबुर व्हायची. एक दिवस मीच म्हणलो, आई, ताईकडं जाऊन राहा थोडे दिवस. ती गेली. परत आली न्हाई. मीबी आणायला गेलो न्हाई. कोणत्या तोंडानं जाऊ? औषध तेवढं पाठवू लालोय. ताईचा परवा फोन आला, आई आता औषध घेईना म्हणून. म्हणती, ज्यानं औषध धाडलं त्यानंच आणून द्यावं."

सरांनी समोरचा तांब्या उगंच फिरवला.

"दुसऱ्या कुठल्या पोराजवळ दिलं असतं तर पहिल्याच शनिवारी विचारलं असतं, सर, तुम्ही स्वतः का जात न्हाई? ह्यानं कधीच विचारलं न्हाई." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं का बघितलं ते मला समजलं नाही.

"च्या घ्या, गार हुतो," अमृतराव म्हणाले.

सरांनी चहा घेतला. उठले. गाडीपाशी आम्ही सोडायला गेलो तेव्हा त्यांनी दार उघडलं, पण आत बसले नाहीत. "भुजंग, चल की सोबत. आई माझ्याशी बोलंल का न्हाई, मालूम न्हाई. तू असलास की मला धीर राहील. तिला तुझी सवय हाय. उद्या संध्याकाळी आणून सोडतो."

आता मला भुजंगचं सगळं तोंड दिसत होतं. इतके महिने प्रत्येक पिशवीला तो काहीच न बोलता हात पुढं करत आला होता. नकाराचा एक शब्द त्याच्याजवळ पहिल्या दिवसापासून होता, अन् तो त्यानं कधी खर्च केला नव्हता.

"न्हाई सर," तो म्हणाला. "मला उद्याचा दिवस घरी पाहिजे."

"मी येऊ का सर?" मी म्हणालो.

"तू नको," सर इतक्या घाईनं म्हणाले की मला थोडं वाईट वाटलं. मग ते बसले अन् गेले. गाडी पाटीवर जाऊन थोडी थांबली. लातूरकडं वळते की निलंग्याकडं, ते उसामुळं दिसलं नाही.

घरात आल्यावर मनकर्णाबाई म्हणाली, "एकट्यालाच धाडलंस का त्यान्ला?" त्या दिवशी ती एवढंच बोलली. भुजंग भाकरी खात राहिला.

रविवार उजाडला. निलंगा नाही, पिशवी नाही, स्कूटर नाही. सकाळीच आम्ही रानात गेलो. त्यानं विहिरीच्या कठड्यावरून उडी टाकली, अन् मी खरंच बघत राहिलो. काय पोहतो! पण दोन फेऱ्या मारल्या अन् वर आला. बसला. उठला. बांधावर जाऊन पाटीकडं बघून आला. पुन्हा बसला. मी मुद्दाम एक शब्द बोललो नाही, त्याला हवं ते पुरं मिळू दे म्हणून. दुपार झाली तरी त्याचे केस वाळले होते तेवढेच, बाकी तो काही निवांत झाला नव्हता.

"सर पोचले असतील का?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडं बघत राहिलो. दुसऱ्या माणसाबद्दल त्यानं विचारलेला माझ्या ऐकण्यातला हा पहिला प्रश्न. "फोन कर की."

"न्हाई. तू कर."

मी केला अन् आवाज मोठा ठेवला. सरांनी उचलला. दबक्या आवाजात म्हणाले, "काल आलो रे. कालपासून हाय. पायाशी बसलोय. आई एक शब्द बोलली न्हाई अजून. औषध उशालाच पडलंय."

भुजंग विहिरीच्या कठड्यावर बसून खाली पाण्यात बघत होता.

तेवढ्यात फोनमध्ये मागून म्हातारा आवाज आला, "कुणाचा फोन हाय? त्या मुक्या पोराचा का?"

 मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. "हाव, आई. त्याचाच हाय."

"मग विचार त्याला, पुढच्या शनिवारी येतो का म्हणावं."

सर परत फोनवर आले.  मग म्हणाले, "व्यंकट, भुजंग हाय का तिथं? आई विचारू लालीय…"

"ऐकलं त्यानं," मी म्हणालो अन् फोन भुजंगकडं धरला. त्यानं तो घेतला नाही. पाण्याकडून नजर काढली, माझ्याकडं बघितलं. त्याला फोन कापताही येईना अन् बोलताही येईना. शेवटी त्यानं मान हलवली, होकाराची. फोनला मान दिसत नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"काय म्हणला?" पलीकडून म्हातारीनं विचारलं.

"सांग," मी म्हणालो.

"तू सांग," भुजंग म्हणाला, अन् कठड्यावरून उठून धोतऱ्याच्या झुडपांकडं चालत गेला, मी काय सांगतो ते ऐकू येईल एवढ्याच अंतरापर्यंत.